अप्पांचं जपानी

मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि चूक दिसली की मला राहवत नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण त्याची लाजही वाटत नाही. लग्नपत्रिकेतल्या चुका मी पत्रिका द्यायला आलेल्या माणसासमोरच पेन काढून दुरुस्त केल्या आहेत. एकदा हॉटेलच्या मेनूकार्डावर केल्या, तेव्हा मालक गल्ल्यावरून उठून आला आणि म्हणाला, "मॅडम, भजी खायची का पेपर तपासायचा?" मी म्हटलं, दोन्ही. असा हा स्वभाव. त्यामुळे यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका तीस वर्षं जुन्या, भल्यामोठ्या चुकीसमोर मी तोंड मिटून बसले, यावर माझ्या ओळखीचं कुणी विश्वास ठेवणार नाही.

चूक म्हणजे अप्पांचं जपानी.

अप्पा म्हणजे माझे वडील. ते आणि आई सोलापुरात शुक्रवार पेठेत राहतात, मी तिथेच विजापूर रोडला. अप्पांना जपानी वाचता येतं हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे. कुणाचा मुलगा परदेशातून काही खोकं घेऊन आला आणि त्यावर चिमणीच्या पायांसारखी अक्षरं असली, की खोकं अप्पांकडे येतं. अप्पा चष्मा वर करतात, खोकं लांब धरतात, जवळ धरतात, आणि सांगतात, "थंड आणि कोरड्या जागी ठेवा, म्हणतोय." आजवर एकाही खोक्याने त्यांना खोटं पाडलेलं नाही.

एप्रिलमध्ये अप्पांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा आठवडे घरात बसायला सांगितलं. अप्पांना बसायची सवय नाही. पंच्याहत्तरी आली तरी सकाळची फेरी, मग भाजी, मग कुणाचं तरी लाइट बिल भरून दे, कुणाला तरी बँकेत घेऊन जा, असा त्यांचा दिवस. आता खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर पाय. पाचव्या दिवशी आईचा फोन आला. "तुझ्या अप्पांनी आज माझ्या भाकरीला नाव ठेवलं," आई म्हणाली. "कड जाड झाली म्हणाले." एवढ्या वर्षांच्या संसारात आईच्या भाकरीला नाव ठेवायची हिंमत कुणी केली नव्हती, सासूनेसुद्धा. प्रकरण गंभीर होतं.

माझा धाकटा भाऊ पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतो. त्याने त्यावर उपाय काढला. आठवड्याभरात माझ्या पत्त्यावर एक पार्सल आलं. आत हाताच्या पंज्याएवढं, रंगीत पडद्याचं, गुबगुबीत बटणांचं एक खेळाचं यंत्र. भावाने फोनवर समजावलं की आपल्या लहानपणी जे हातात धरून खेळायचे गेम होते, त्या सगळ्यांची सोंगं हे एकटं यंत्र काढतं. हजारो गेम आत भरलेले आहेत.

"आणि अक्का, आपला तो गेम पण टाकलाय. मामाने आणलेला. आधी तू खेळून बघ आणि मग अप्पांना शिकव."

आपला तो गेम. मी यंत्र हातात घेऊन तशीच सोफ्यावर बसले.

मामा मालवाहू जहाजावर होता. मी अकरा वर्षांची आणि भाऊ पाच वर्षांचा असताना त्याने जपानच्या कुठल्याशा बंदरातून आमच्यासाठी हातातला व्हिडिओ गेम आणला. राखाडी रंगाचा, विटेसारखा जड, पालकाच्या भाजीच्या रंगाचा पडदा. त्याला चार सेल लागायचे आणि ते दोन दिवसांत संपायचे. मग आम्ही ते पत्र्यावर उन्हात ठेवायचो, दाताने चावायचो, आणि त्यातून अजून अर्धा तास पिळून काढायचो. कॅसेट एकच होती. मारामारीची किंवा गाड्यांची असती तर प्रश्न नव्हता. पण या गेममध्ये माणसं भेटायची आणि बोलायची, चौकटीच्या चौकटी भरून बोलायची, आणि ते सगळं जपानीत. मामा तर गेम देऊन पुन्हा समुद्रावर निघून गेला होता.

त्याच सुमारास अप्पांची मिल बंद पडली.

अप्पा मिलच्या स्टोअरमध्ये कारकून होते. एक सकाळ अशी आली की ते नेहमीसारखे डबा घेऊन गेले आणि अकरा वाजता भरलेला डबा घेऊन परत आले. त्यानंतर ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायचे. पेपर एकदा वाचायचे, मग उलटा वाचायचे. त्यांच्याशी काय बोलायचं हे कुणालाच कळत नव्हतं. आम्ही मुलं खोलीतून जाताना पाय न वाजवता जायचो. एक दिवस भावाने, त्याला कसली पोच असणार, यंत्र सरळ अप्पांच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "अप्पा, यात काय लिहिलंय?"

अप्पांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आण की हिकडं. मला येतं हे."

त्यामागे अगदीच आधार नव्हता असं नाही. काही वर्षांपूर्वी मिलमध्ये जपानी मशीन आली होती आणि ती बसवायला दोन जपानी इंजिनिअर तीन आठवडे सोलापुरात होते. त्यांच्या चहापाण्याचं काम अप्पांकडे होतं. अप्पांच्या म्हणण्याप्रमाणे तेवढ्यात भाषा आली. जपानी माणूस हो म्हणायचं तर 'हाय' म्हणतो, आणि आमच्या वळसंग गावचा माणूसही बोलता बोलता 'हाय'च म्हणतो, त्यामुळे अप्पांना ती भाषा पहिल्यापासून सोयऱ्यातली वाटली.

त्या दिवसापासून रोज शाळा सुटली की आम्ही दोघं अप्पांच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर बसायचो आणि अप्पा वाचून दाखवायचे. पडद्यावर एक बुटका माणूस होता, त्याच्या डोक्यावर काहीतरी होतं. अप्पा म्हणाले, मुंडासं. तो राहतो ते गाव वळसंग. का, तर आमचं मूळ गाव वळसंग, दुसरं कुठलं असणार. त्याची खिल्लार बैलजोडी चोरीला गेली होती आणि तो ती शोधायला निघाला होता. पुढचं गाव मोठं होतं, दुकानं होती, म्हणून ते मंद्रूप. तिथं दारात एक बाई उभी असायची. तिच्याशी बोललं की पडदा काळा व्हायचा, बारीकशी धून वाजायची आणि आपली गेलेली ताकद भरून यायची. "ही मावशी," अप्पा म्हणाले. "जेवल्याबिगर सोडत न्हाय. जेवला, जरा डोळा लागला, आता उठला."

टेबलामागे एक दाढीवाला बसलेला असायचा. त्याच्याशी न बोलता यंत्र बंद केलं तर सगळा प्रवास पुसला जायचा आणि पुन्हा वळसंगपासून सुरुवात. दोनदा रडारड झाल्यावर अप्पांनी त्याचं बोलणं नीट वाचलं आणि खुलासा केला. "हा तलाठी. ह्याच्याकडं नोंद केल्याबिगर तुमी हितं आलाच न्हाईत." सरकारी कामाचं एवढं सोपं स्पष्टीकरण मला त्यानंतर कुणी दिलेलं नाही. आईसुद्धा स्वयंपाकघरातून ओरडायची, नोंद करा आणि जेवायला या.

आणि मग पूल आला. नदीवर पूल, पुलाच्या तोंडाशी एक म्हातारा. त्याच्याशी बोललं की तो काहीतरी विचारायचा आणि खाली दोन शब्द यायचे, एक वर, एक खाली. अप्पांनी सांगितलं, वरचं हो, खालचं नाही. आणि मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, त्यामुळे आपण वरचंच दाबायचं. दाबलं. पडदा पांढरा झाला आणि आपला माणूस पुन्हा वळसंगला स्वतःच्या दारात उभा.

आम्ही दोघं अप्पांकडे बघत राहिलो. अप्पा शांत होते. "म्हातारा इचारत व्हता, घरी सांगून यायचं राहिलं का? आपण व्हय म्हणालो. मग तो म्हणाला, जा, आईला सांगून ये."

यात आम्हाला काहीच वावगं वाटलं नाही. घरी सांगितल्याशिवाय आम्हीही कुठं जात नव्हतो. आम्ही गेममधल्या आईला जाऊन सांगितलं, पुन्हा मंद्रूप, पुन्हा मावशी, पुन्हा तलाठी, पुन्हा पूल. म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं. आम्ही पुन्हा वरचं दाबलं. पुन्हा वळसंग. अप्पा म्हणाले, आता म्हणतोय, भाकरी बांधून घेतली नाहीस. त्याच्या पुढच्या वेळी देवाला नमस्कार राहिला होता. मग बैलांची वेसण राहिली होती, सापडल्यावर बैल आणणार कसा. पाऊस सरला, दिवाळी गेली, संक्रांत आली, आमचं दर वेळी काहीतरी राहिलेलंच होतं. एकदा मी चिडून खालच्या शब्दाकडे गेले, तर अप्पांनी बटणावर अंगठा ठेवला. "म्हाताऱ्या माणसाला न्हाय म्हणतेस?" मला खरंच लाज वाटली.

पुढे अप्पांना एका सुताच्या दुकानात हिशेब लिहायची नोकरी लागली. उन्हाळ्यात यंत्राच्या पडद्यावर आधी उभ्या रेघा आल्या आणि नंतर काहीच येईना. आमचा माणूस पुलाच्या अलीकडेच राहिला. त्या वर्षी मी शाळेत निबंध लिहिला होता, माझे वडील. त्यात माझे वडील जपानी भाषेचे जाणकार आहेत असं एक वाक्य होतं. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला.

तर आता एवढ्या वर्षांनी मी पंखा फुल करून तोच गेम सुरू केला आणि पहिल्याच चौकटीत माझा हात थांबला. भावाने हौसेने इंग्रजी भाषांतर असलेला गेम भरला होता. मुंडाशावाला माणूस राजपुत्र निघाला. डोक्यावर होता तो मुकुट. त्याच्या राज्यातलं चंद्राचं रत्न चोरीला गेलं होतं. बैल कुठेच नव्हते. मी वाटेतल्या कुत्र्याशीसुद्धा बोलून बघितलं, बैलांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मावशी धर्मशाळेची मालकीण होती आणि प्रत्येक मुक्कामाचे पैसे रोख घेत होती. तलाठी हा मंदिरातला साधू होता, तो प्रवाशांची नावं देवाच्या वहीत लिहून घ्यायचा. एवढं एकच अप्पांचं थोडक्यात चुकलं होतं.

तीन दिवस दुपारी खेळून मी पुलावर आले. म्हाताऱ्याने इंग्रजीत विचारलं, पुढची वाट धोक्याची आहे, तुला घरी परत जायचंय का? वर हो, खाली नाही. मी 'नाही' दाबलं. तो म्हणाला, मग जा, आणि बाजूला झाला. बस्स. एवढंच होतं. एक बटण.

मी टेबलावर हात आपटला. आतल्या खोलीतून नवरा विचारत आला, काय झालं, मी म्हटलं, बैल नाहीत. तो परत गेला. मला इतका राग आला होता की हसू यायला हवं हे लक्षातच आलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीने आपल्या सगळ्या संध्याकाळी, सगळं वर्ष एका पुलावर घालवलं होतं, विश्वासाने, आणि वर निबंध लिहिला होता. दुपारच्या दोनच्या उन्हात मी स्कूटर काढली. यंत्र पर्समध्ये. अप्पांसमोर पुलावरची चौकट धरायची आणि म्हणायचं, वाचा. इंग्रजी त्यांना चांगलं वाचता येतं.

पेठेतल्या घरी पोचले तेव्हा अप्पा खुर्चीत डोळे मिटून बसले होते, पाय स्टुलावर. पेपर मांडीवर, उलटा. मी पावलं न वाजवता स्वयंपाकघरात गेले आणि तिथं आईवर सगळं ओतलं. रत्न, धर्मशाळा, साधू, पूल. आई शेंगाचटणी कुटत होती. तिने कुटणं थांबवलं नाही.

"यांना जपानी येत न्हाय हे तुला आत्ता कळलं?" आई म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"माझं लगीन झालंय त्यांच्याशी. त्यांना काय येतं आणि काय न्हाय, हे मला माहीत नसंल व्हय?"

"मग तू बोलली का नाहीस? आम्ही वर्षभर त्या पुलावर..."

आईने मुसळ बाजूला ठेवलं. "त्या वर्षाला ह्यांना कुणी काय इचारत न्हवतं," ती म्हणाली. "मिलवाले न्हाय, भावकी न्हाय. मी पण न्हाय. काय इचारू, डब्यात काय देऊ? तुमी दोघं शाळेतनं आला की इचारायचा. ते तीन वाजल्यापास्नं दाराकडं बघत बसायचे. दाढी करून." मग तिने बाहेरच्या खोलीकडे मान वळवली. "आताबी बघ की. पेपर कसा उलटा पडलाय." आणि पुन्हा कुटायला लागली.

मी यंत्र पर्समधून काढलंच नाही. पाणी पिऊन, चटणीचा डबा घेऊन परत आले. वाटेत दोन सिग्नल तोडले, आणि मी सिग्नल तोडणारी बाई नाही.

संध्याकाळी भावाला फोन केला. म्हटलं, मला तो गेम जपानीत पाहिजे. मूळचा, भाषांतर नसलेला.

"का? इंग्रजी आहे की त्यात. तुला कुठं जपानी येतं?"

"मला नाही. अप्पांना येतं."

 भाऊ हसायला लागला. "अक्का, मला सातवीत कळलं होतं. वर्गातल्या एकाने जपानी बाराखडी आणलेली, मी गेमच्या खोक्यातल्या माहितीपुस्तकात बैल शोधला, कुठंच नव्हता."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू मला मारलं असतंस."

खरं होतं, मारलंच असतं. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि जगातली प्रत्येक चूक शोधणारी मी एकटी जपानी भाषेच्या जाणकाराची मुलगी म्हणून चाळिशीपर्यंत आले होते. आपल्या वडिलांची उंची कुणी टेप लावून मोजत नाही, तसं मी ते कधी तपासलं नव्हतं. भावाने गेम पाठवला. मी यंत्रातला इंग्रजी पुसून जपानी भरला. बरोबर ते काढून चुकीचं घालण्याची माझी ही पहिलीच वेळ, आणि ते करताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते अप्पांच्या मांडीवर ठेवलं. ऑपरेशननंतर आलेल्या पाहुण्यांकडे ते जसे कंटाळून बघायचे तसेच त्याच्याकडे बघत होते. पडदा उजळला, ती पहिली धून वाजली, आणि चिमणीचे पाय उमटले.

"अप्पा," मी म्हटलं, "यात काय लिहिलंय?"

अप्पांनी चष्मा वर केला. यंत्र लांब धरलं, जवळ धरलं. मला भीती वाटली की ते म्हणतील, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. पण ते म्हणाले, "वळसंग हाय हे. बैलं गेल्यात त्याची."

त्या दिवसापासून सुट्टीतल्या माझ्या सगळ्या दुपारी पेठेत गेल्या. मी खुर्चीच्या हातावर बसू शकत नव्हते, खुर्ची मोडली असती, म्हणून शेजारी पाट घेऊन बसायचे. अप्पांनी आपली सगळी माणसं एकही न चुकता ओळखली. मावशी, तलाठी, मंद्रूपच्या वेशीवरचा तो बोलका खाटीक, ज्याचं खाटीक असणं मी पार विसरले होते. तीस वर्षांत एक शब्द हलला नव्हता. एवढं पाठ राहायला ते मनात किती वेळा वाचलं असेल, असं माझ्या मनात आलं आणि मी उठून पाणी आणायला गेले.

नव्या यंत्राच्या सोयी मात्र त्यांना पटल्या नाहीत. एका बटणाने गेम दहापट वेगाने पळतो. ते चुकून दाबलं गेलं आणि आमचा माणूस वळसंगहून मंद्रूपला चार सेकंदांत पोचला. "ह्याला यष्टी घावली काय," असं म्हणून अप्पांनी त्याला पुन्हा मागे चालवत नेलं. दुसऱ्या बटणाने कुठेही, केव्हाही नोंद करता येते. मी ते दाखवलं तर अप्पा म्हणाले, "रानात नोंद करणारा हा कोण? उद्या तलाठी न्हाय म्हणाला तर?" आणि ते पाय दुखत असताना, म्हणजे स्वतःचा, अख्खं रान तुडवून तलाठ्याकडे जायचे. आई आता भाकरीबद्दल काही बोलत नव्हती. गल्लीतले दोघंतिघं संध्याकाळी येऊन बसायला लागले होते. अप्पा त्यांनाही वाचून दाखवायचे. एकाने विचारलं, हे सगळं जपानी लोकांना वळसंगबद्दल कसं कळलं? अप्पा म्हणाले, "लई हुशार लोक हायत ते."

अप्पांच्या विश्रांतीच्या पाचव्या आठवड्यात आम्ही पुलावर आलो. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघंच, आई शेजारी गेलेली. म्हातारा तसाच उभा होता, रंगीत पडद्यावर जरा तरुण दिसत होता. अप्पांनी त्याच्याशी बोलणं केलं. वर एक शब्द, खाली एक.

"इचारतोय, घरी सांगून यायचं राहिलं का," अप्पा म्हणाले आणि अंगठा वरच्या शब्दाकडे गेला.

मी इतके दिवस गप्प बसले होते. ते माझ्या स्वभावात किती बसत नाही हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. तरी मी चूक दाखवायला बोलले नाही. मला फक्त त्यांना पलीकडे न्यायचं होतं. सहा आठवडे संपत आले होते, जूनमध्ये माझी शाळा उघडणार होती. मी हळूच म्हटलं, "अप्पा, एकदा खालचं दाबून बघू या का?"

अप्पांचा अंगठा थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मी बघितलंय दाबून," ते म्हणाले.

"केव्हा?"

"तवाच. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी. तुमी शाळेत व्हता."

"मग?"

"मग काय. म्हातारा बाजूला झाला. पलीकडं गेलो की मी. दोन घरं, एक आड, लांब एक डोंगर. म्हटलं, झालं, आता डोंगरावर गेलं की संपतंय हे. म्हणून मशीन बंद केलं. तुमी यायच्या आत पयल्यासारखं करून ठेवलं."

मला आधी काही कळेचना. "अप्पा, आम्ही वर्षभर बैल शोधत होतो. तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही आम्हाला परत पाठवत होता?"

"संपला असता तर," अप्पा म्हणाले, आणि पायावरची चादर उगाच नीट केली, "दुसऱ्या दिवशी शाळेतनं येऊन तुमी मला काय इचारलं असतं?"

बाहेर कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेली. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्हीत आधी कोणतं येऊ द्यावं ते समजत नव्हतं.  मी त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला आणि दोघांनी मिळून खालचं दाबलं.

म्हातारा बाजूला झाला. आम्ही पूल ओलांडला. पलीकडे खरोखर दोन घरं होती, आड होता, लांब डोंगर. आडाजवळ एक बाई उभी होती. अप्पांनी माणसाला तिच्यासमोर नेऊन उभं केलं, बटण दाबलं, आणि चौकट भरून चिमणीचे पाय आले. अप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. हा मजकूर त्यांनी कधी कुणाला वाचून दाखवला नव्हता.

"हितलं अक्षर लई बारीक हाय," ते म्हणाले आणि यंत्र माझ्या हातात दिलं. "तू वाच."

ती बाई काय म्हणते ते मला माहीत होतं, मी ते इंग्रजीत वाचलं होतं. ती म्हणते, रत्न डोंगरावरच्या मनोऱ्यात आहे, उत्तरेला जा. मी यंत्र लांब धरलं, जवळ धरलं.

"म्हणतीये," मी म्हटलं, "बैल कालच इथून डोंगराकडे नेले. आता गेलात तर दिवस मावळायच्या आत सापडतील."

अप्पांनी चष्मा वर केला, यंत्र माझ्या हातातून ओढून घेतलं आणि पडद्यावरून बोट फिरवत एकेक अक्षर तपासलं.

"चुकलीस," ते म्हणाले. "बैलं हिकडं आलीच न्हाईत, म्हणतीय. अजून लई लांब जायचं हाय."